इंजिन तापलं की गाडी बंद, थंड झाली की चालू : क्रँक सेन्सर घरी बदलता येईल का? (सातारा)

घाटवळण_११ | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, ९४ हजार किलोमीटर झालेत. महिन्याभरात चार वेळा चालता चालता बंद पडली. चौथी वेळ परवाची, खंबाटकी घाटात.

आईच्या डोळ्यांची तपासणी करून पुण्याहून परत येत होतो. दुपारचे दोन, ऊन रणरणतं. खंडाळा मागे टाकून घाट चढायला लागलो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर इंजिन गेलं. झटका नाही, फुरफुर नाही. आरपीएमचा काटा सरळ शून्यावर पडला, स्टेअरिंग जड झालं. ब्रेकही दुसऱ्या दाबाला दगडासारखा. मागे सिमेंटचा ट्रेलर होता, त्याने हॉर्न देत कसाबसा बाजूने काढला. डावीकडे घेतली, चाकामागे दगड लावला, आईला उतरवून कठड्यापलीकडे सावलीत बसवलं. सेल्फ मस्त फिरतो, पण इंजिन पकडत नाही. पंचवीस मिनिटांनी चावी फिरवली तर एका झटक्यात चालू, जणू काही झालंच नव्हतं.

आधी दोनदा बंद पडली तेव्हा इथल्या एका गॅरेजला दाखवली होती. त्यांनी बंद अवस्थेत सेल्फ मारून टाकीकडे कान लावला, पंपाचा आवाज येत नाही म्हणाले आणि पेट्रोल पंप बदलला. ४,८०० रुपये गेले. पाचव्या दिवशी लिंब फाट्याजवळ पुन्हा तेच.

आता मित्राचा ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर लावून बघितला. कोड आला पी०३३५. क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय का हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा. घरी पान्यांचा सेट आहे, साधा पिवळा मल्टीमीटर आहे. सेन्सर मागवून स्वतःच बदलू का? आईला पुढच्या महिन्यात परत न्यायचंय, त्याआधी गाडीवर भरवसा बसायला हवा.

कऱ्हाडकर_५० | शनिवार, रात्री १०:०५

दादा, शंभर टक्के क्रँक सेन्सर. माझ्या मेव्हण्याच्या गाडीला सेम. बदलला, विषय संपला. एक बोल्ट असतो, दहा मिनिटांचं काम.

गॅरेजवाला_मिरज | शनिवार, रात्री १०:५०

थांबा, लगेच मागवू नका. सेन्सरच असण्याची शक्यता दाट आहे, पण एकदा पंपात पैसे गेलेत, आता दुसऱ्यांदा अंदाजाने घालवू नका. मी एकवीस वर्षं हेच काम करतोय आणि रोज बघतो, लोक कोड वाचतात आणि पार्ट घेऊन येतात.

पी०३३५ चा अर्थ ‘सेन्सर खराब’ असा नाही. त्या सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढंच कॉम्प्युटर सांगतोय. सर्किटमध्ये सेन्सर आला, कपलर (सेन्सरला वायर जोडणारा प्लग) आला, कपलरपासून कॉम्प्युटरपर्यंतची वायर आली. तिघांपैकी कोण, ते आपण शोधायचं.

आधी पंपाचं सांगतो, कारण तुमचं गॅरेज जिथे फसलं तिथे भलेभले फसतात. चावी ऑन केली की कॉम्प्युटर पंपाला साधारण दोन सेकंद करंट देतो, लाइनमध्ये प्रेशर भरायला. मागच्या सीटखालून ‘झूंऽऽ’ असा आवाज येऊन थांबतो. नंतर इंजिन फिरतंय असा सिग्नल आला तरच पंप पुढे चालू राहतो. तो सिग्नल येतो क्रँक सेन्सरकडून. अपघातात इंजिन थांबलं आणि पंप पेट्रोल ढकलतच राहिला तर आग लागेल, म्हणून ही सोय. आता क्रँक सेन्सर गेला तर काय होणार? सेल्फ मारताना पंप गप्प. स्पार्क पण नाही. मिस्त्रीने कान लावला, आवाज नाही, पंप गेला म्हणाला. त्याला ऐकू आलं ते खरंच होतं, कारण मात्र वेगळं होतं. म्हणून आधी फक्त चावी ऑन करून ऐकायचं. दोन सेकंद आवाज आला तर पंप जिवंत आहे.

पुढच्या वेळी बंद पडली की सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. पुष्कळ गाड्यांत सेल्फवर काटा थोडा, दोनशे-अडीचशेपर्यंत हलतो. इंजिन फिरतंय आणि काटा शून्याला चिकटलेला, म्हणजे कॉम्प्युटरला इंजिन फिरतंय हेच कळत नाहीये. स्कॅनरवर लाइव्ह आरपीएम बघितला तर जास्त खात्री.

आणि कपलर काढून पिना मोजा. दोन की तीन, ते इथे सांगा. पुढचं त्यावर.

घाटवळण_११ | रविवार, सकाळी ८:१५

काका, मनापासून आभार. पंपाचं हे कोणीच सांगितलं नव्हतं. आत्ता चावी ऑन करून ऐकलं, दोन सेकंद आवाज येतो. जुना पंप गॅरेजने परत दिला होता, त्याला थेट बॅटरीवर क्षणभर लावला तर तोही फिरतोय.

एअर फिल्टरचा डबा काढला की सेन्सर वरूनच दिसतो, गिअरबॉक्सच्या हाउसिंगवर, सेल्फच्या शेजारी. पिना दोन आहेत.

गॅरेजवाला_मिरज | रविवार, सकाळी ९:३०

दोन पिना म्हणजे कॉइलवाला. आत लोहचुंबक आणि त्यावर बारीक तारेचे वेढे. समोरून फ्लायव्हीलची, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकाची, दातेरी रिंग फिरते, प्रत्येक दात समोरून गेला की कॉइलमध्ये थोडा एसी करंट तयार होतो. बऱ्याच गाड्यांत ६० दातांची जागा असते आणि त्यातले दोन दात मुद्दाम ठेवलेले नसतात. म्हणजे एक दात सहा अंशांचा. ती दोन दातांची फट आली की कॉम्प्युटरला कळतं पिस्टन कुठे आहे. तीन हजार आरपीएमला सेकंदाला २,९०० ठोके मोजतो तो. एवढ्यावर स्पार्क आणि पेट्रोल दोन्ही चालतं.

कॉइलवाला असला तर मीटरने ओहम (तारेचा रोध) मोजता येतात. पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी : तीन पिनांचा असेल तर तो बहुतेक हॉल इफेक्टचा. त्यात इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, त्याला ओहमवर मोजू नका, मोजून काही कळणार नाही, उलट बिघडायची भीती.

चावी बंद, कपलर काढून, सेन्सरच्या दोन पिनांवर मीटर लावा. थंड असताना किती, आणि इंजिन तापल्यावर किती. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, पण काही शे ते हजार-दीड हजारात यायला हवा. एक पिन आणि सेन्सरची बॉडी यांच्यात मात्र जोड नको, म्हणजे मीटरवर आकडाच यायला नको.

विश्रामबागकर | रविवार, सकाळी ११:२०

कपलरकडे नीट बघा हो दादा. आमची गाडी ऑगस्ट २०१९ च्या पुरात सीटपर्यंत पाण्यात होती. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं त्या वेळी, आम्ही गाडी बाहेर काढायच्या आतच रस्ता गेला. नंतर इंजिन धुऊन, ऑइल बदलून गाडी चालू झाली आणि सहा महिने काही नाही. मग एकेक कोड यायला लागले. कॅम सेन्सरचा पी०३४० आला तेव्हा मी नवीन सेन्सर घेतला, स्वतः बसवला, कोड तसाच. सेन्सर परत काढून कपलरमध्ये टॉर्च मारून बघितलं तर आतल्या पिना हिरव्या पडलेल्या आणि एक वायर आतूनच सडलेली. वरचं आवरण अगदी नव्यासारखं! दोन इंच वायर कापून नवीन जोडली, सोल्डर केली, वर नळी चढवली. तेव्हापासून ठीक आहे.

नवीन सेन्सर अजून कपाटात आहे. म्हणून सांगते, आधी वायर हातात घेऊन, वाकवून, चिमटीत ओढून बघा. सडलेली वायर रबरासारखी लांबते.

घाटवळण_११ | रविवार, संध्याकाळी ६:३०

ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे वायर कपलरपासून हातभर चाचपली. कुठे कापलेली नाही, लांबत नाही. पिना स्वच्छ आहेत. सातारच्या पावसात गाडी सदान्‌कदा उघड्यावर असते, म्हणून धास्ती होती.

मोजमाप : सकाळी थंड ८७० ओहम. मग अंगणात चाळीस मिनिटं चालू ठेवली, रेडिएटरचा पंखा तीनदा लागला. बंद पडली नाही. लगेच मोजलं तर १,०७०. वाढलेलं आहे. हाच दोष का?

गॅरेजवाला_मिरज | रविवार, संध्याकाळी ७:४५

नाही. ही वाढ तांब्याची आहे. तांब्याची तार तापली की रोध वाढतोच, दर अंशाला शेकडा ०.४ च्या आसपास. तीस अंशांवरून नव्वदीला गेलं तर ८७० चे १,०७० होणारच. तुमचा आकडा इतका बरोबर आलाय की तुम्ही मीटर नीट धरलंत याची खात्री पटली.

दोष असा दिसतो : आतली तार कुठेतरी तुटायला आलेली असते. गार असताना टोकं एकमेकांना टेकून असतात. तापली की भोवतीचं प्लास्टिक फुगतं आणि टोकं सुटतात. त्या क्षणी मीटरवर आकडा येत नाही, डावीकडे नुसता १ उभा राहतो. तो १ पकडायचाय तुम्हाला. अंगणात उभी गाडी तेवढी तापत नाही. चढ चढवा, परत येऊन बंद करा आणि दहा मिनिटं बॉनेट न उघडता थांबा. पंखा नाही, वारा नाही, इंजिनची सगळी उष्णता त्या वेळी हाउसिंगमध्ये मुरते. मग मोजा.

वडूजचे_सर | रविवार, रात्री ९:००

चढावर नेणार असाल तर एकटे जाऊ नका. मागे दुसरी गाडी ठेवा आणि आईंना घेऊ नका. माणूस महत्त्वाचा.

घाटवळण_११ | मंगळवार, रात्री ८:५०

सर, मित्राला बाइकवर मागे घेऊनच गेलो. समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढवला, खाली उतरून पुन्हा चढवला. दुसऱ्या फेरीत वर पोचल्यावर सपाटीला गाडी कडेला घेतली, बंद केली, दहा मिनिटं थांबलो. मग सेल्फ मारला. पकडली नाही. काटा शून्यावर, स्कॅनरवर आरपीएम शून्य.

चावी काढून कपलर सोडवला, मीटर लावला. डावीकडे नुसता १.

तीन वेळा पिना बदलून लावून बघितलं, तेच. मग मित्राने फडकं गार पाण्यात पिळून सेन्सरच्या डोक्यावर धरलं. पाच-सहा मिनिटं गेली आणि मीटरवर अचानक आकडा आला, ९८०. कपलर लावला, चावी फिरवली, चालू! काका, तुम्ही मिरजेत बसून इथला दोष सांगितलात. महिनाभर जे डोक्यात घोळत होतं ते डोळ्यांनी बघितलं.

गॅरेजवाला_मिरज | मंगळवार, रात्री ९:१५

आता खुशाल मागवा. सेन्सरच आहे.

फडकं धरलंत ते बरं केलंत, बाटली ओतली नाहीत. तापलेल्या मॅनिफोल्डवर किंवा त्याच्या ऑक्सिजन सेन्सरवर गार पाणी पडलं तर एकाच्या जागी दोन खर्च.

कऱ्हाडकर_५० | मंगळवार, रात्री ९:३०

मी दहा मिनिटांचं काम म्हणालो होतो, पण हा सगळा तपास वाचून खरंच शिकायला मिळालं. घेताना लोकल घेऊ नका एवढं सांगतो. मेव्हण्याचा पहिला लोकल होता, दोन महिन्यांत गेला.

घाटवळण_११ | बुधवार, दुपारी १:१०

दुकानात दोन मिळाले. एक ६५० चा, पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव नाही. दुसरा २,३०० चा, पार्ट नंबर जुन्याशी जुळणारा. मीटर खिशातच नेला होता, दुकानदाराने काही न म्हणता दोन्ही मोजू दिले. पहिला ५४०, दुसरा ८८०. दुसरा घेतला.

गॅरेजवाला_मिरज | बुधवार, दुपारी २:००

योग्य केलंत. ५४० वाला लागलाच नसता असं नाही, पण वेढे वेगळे म्हणजे सिग्नलही वेगळा. आणि कपलर बसत नाही म्हणून कोणी वायरी कापून जोडायला सांगितल्या तर जोडू नका. कॉइलच्या दोन वायरी उलट लागल्या तर सिग्नल उलटा होतो, दातांची फट कॉम्प्युटरला चुकीच्या ठिकाणी दिसते आणि गाडी एक तर चालू होत नाही किंवा मिस मारते.

आज रात्री बोल्टवर गंजाचा स्प्रे मारून ठेवा.

घाटवळण_११ | गुरुवार, रात्री ९:२०

झालं. बदलला. नीट लिहितो, कोणाला तरी उपयोगी पडेल.

सकाळी सहाला सुरुवात केली, इंजिन रात्रभर गार झालेलं. पहिलं काम बॅटरीची मायनस काढली. सेल्फची जाड वायर सेन्सरपासून चार बोटांवर आहे, तिच्यात कायम करंट असतो. पाना तिला आणि बॉडीला एकदम टेकला असता तर ठिणगी उडाली असती. मग एअर फिल्टरचा डबा : दोन बोल्ट, एक क्लिप, एक पाइप. उघड्या पाइपच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबलं.

कपलरचं लॉक उन्हातान्हात बारा-तेरा वर्षं राहून ठिसूळ झालेलं. अंगठ्याने हळू दाबत, कपलर आधी आत ढकलून मग बाहेर ओढला, तसा निघाला. वायर धरून ओढायचा नाही.

बोल्ट दहाचा. रॅचेटला लांब एक्स्टेंशन लावून हळू जोर दिला, कट् असा आवाज आला आणि काळजात धस्स झालं, पण तुटला नव्हता, सुटला होता. हाउसिंग ॲल्युमिनियमचं, त्यातले आटे गेले असते तर काम घरात राहिलं नसतं. म्हणून अर्धा फेरा सोडायचा, पाव फेरा परत आवळायचा, असं करत काढला.

बोल्ट निघाला, सेन्सर हलेना. सगळा वेळ इथे गेला, पाऊण तास. भोकात पांढरी गंजाची पूड बसून तो पकडला गेला होता. स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होतो. तो टाळला, कारण प्लास्टिकचं टोक मोडून आत पडलं तर ते फ्लायव्हीलपाशी जातं आणि मग गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पुन्हा स्प्रे, वीस मिनिटं थांबलो, चहा घेतला. मग सेन्सरचा कान पक्कडीने नाजूक धरून केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे. आधी काहीच नाही, मग हलल्याची शंका, मग खरंच हलला. पुढची दहा मिनिटं नुसतं डावं-उजवं करत वर घेतला. अखंड बाहेर आला तेव्हा आई खिडकीत उभी होती, तिला वर करून दाखवला.

टोकाला लोखंडाच्या भुकटीची मिशी चिकटलेली होती, चुंबकच तो. घासल्याची खूण नाही, म्हणजे रिंग आणि सेन्सरमधलं अंतर ठीक होतं. भोकाची कड फडक्याने पुसली, आत काही पडू दिलं नाही. नव्या सेन्सरच्या गळ्याला बोटाने तेलाचा हात लावला, दाबला तर सरळ बसला. ठोकावं लागलं नाही, आणि लागलं असतं तर ठोकला नसता. बोल्ट आधी हाताने पूर्ण फिरवला, मग छोट्या रॅचेटने नुसता मनगटाचा जोर. इथे आठ-दहा न्यूटन मीटर पुरतात. कपलर ‘टक’ वाजेपर्यंत लावला. लॉकवर भरवसा नव्हता म्हणून एक केबल टाय आवळला.

बॅटरी लावली, चावी ऑन, पंपाचा आवाज. सेल्फ मारताना काटा हलताना दिसला, तेवढ्यात इंजिन चालू. कोड पुसला.

वडूजचे_सर | गुरुवार, रात्री १०:००

छान आणि सविस्तर. एक भर घालतो. यांच्या गाडीत सेन्सर वरून निघाला. काही गाड्यांत तो खालून काढावा लागतो. अशा वेळी नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. जॅक चाक बदलण्यापुरता असतो. खाली पक्के स्टँड हवेत, चाकांना ठोकळे हवेत आणि जमीन फरशीची हवी, मातीची नको. ते नसेल तर काम गॅरेजमध्ये न्या, त्यात काही कमीपणा नाही.

विश्रामबागकर | गुरुवार, रात्री १०:१५

अगदी खरं, सर. आणि अभिनंदन दादा! पुन्हा शिकवणी द्यावी लागते का हो काही गाड्यांना? म्हणजे स्कॅनरवरून?

गॅरेजवाला_मिरज | गुरुवार, रात्री १०:४०

हो ताई, काही गाड्यांत क्रँक सेन्सर बदलला की स्कॅनरवरून री-लर्न करावं लागतं, नाही केलं तर मिस-फायरचा कोड येतो. त्याला छोटा ब्लूटूथवाला पुरत नाही, मोठा स्कॅनर लागतो. यांना लागलं नाही असं दिसतंय. शंभर-दीडशे किलोमीटर चालवून पुन्हा कोड बघा.

घाटवळण_११ | १७ दिवसांनी, रविवार, रात्री ८:००

उशिरा लिहितोय, मुद्दाम. आधी तापवून बघायची होती. यवतेश्वर चार वेळा, त्यातला एकदा तसाच पुढे कासपर्यंत भर दुपारी. वर दहा मिनिटं बंद ठेवून सेल्फ मारला, दरवेळी पहिल्या फटक्यात. कोड नाही. काल आईला पुण्याला नेऊन आणलं. येताना खंबाटकीत त्याच वळणावर ती एकदम गप्प झाली, हातातली पिशवी घट्ट धरली. वळण गेलं, घाट संपला, वेळ्याचा उतार लागला, तेव्हा म्हणाली, ‘चल, आता कंदी पेढे घेऊनच घरी जाऊ.’

काका, तुमच्यासाठी पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवलाय. मिरजेला कधी येऊ ते सांगा.

गॅरेजवाला_मिरज | रविवार, रात्री ८:३५

या की! येताना तो जुना सेन्सर घेऊन या. माझ्याकडे दोन पोरं शिकायला आहेत, त्यांना हेअर ड्रायरने तापवून तो १ उभा राहताना दाखवायचाय.

विटेकर_डिझेल | सोमवार, सकाळी ७:५०

पूर्ण धागा वाचला. माझी डिझेल आहे, कॉमन रेल. तीही तापल्यावर बंद पडते, पण काटा हळूहळू खाली येतो आणि आधी दोन-तीन गचके देते. हाच सेन्सर असेल का?

घाटवळण_११ | सोमवार, सकाळी ८:२०

दादा, माझा काटा एका क्षणात पडायचा, गचका एकही नाही. तुमचं वेगळं वाटतंय. आधी डिझेल फिल्टर कधी बदललाय ते बघा, आणि कोड काढून इथे टाका. काका सांगतील.